प्रायश्चित्त, पश्चात्ताप आणि एक कप चहा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना मी दोनतीनदा भरकटलो होतो, तेवढं काढून टाकलंय. बाकी जवळपास तसंच आहे.

आजचा विषय माझ्या एका चुकीपासून सुरू होतो. दोन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी संध्याकाळी आमचं रिलीज होतं. डेटाबेसची एक स्क्रिप्ट मी नीट टेस्ट न करताच पुढे पाठवली आणि ग्राहकांच्या काही तासांच्या नोंदी बिघडल्या. सोमवारी मीटिंगमध्ये विचारणा झाली. स्क्रिप्ट माझी होती, पण ती चालवली होती टीममधल्या एका नवीन मुलाने. मॅनेजरने त्याच्याकडे पाहिलं. मी गप्प बसलो. खोटं एक अक्षर बोललो नाही, फक्त गप्प बसलो. त्या वर्षी त्या मुलाचं रेटिंग घसरलं.

मला झोप लागेना. मंगळवारी गणपतीच्या देवळात गेलो, दीड तास रांगेत उभा राहिलो, नारळ फोडला, पेटीत पाचशे रुपये टाकले. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या पोराला फोन केलास का?"

नव्हता केला.

तेव्हापासून एक प्रश्न मागे लागला. देवाची माफी मागणं आणि माणसाची माफी मागणं, यांचा एकमेकांशी संबंध काय? हा प्रश्न आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वी काही लोकांनी फार गांभीर्याने घेतला होता. त्यांची गोष्ट सांगतो.

गिरगावातून बसने जाणाऱ्यांना 'प्रार्थना समाज' हे नाव माहीत असतं, पण बरेचदा स्टॉपचं नाव म्हणून. मलाही तेवढंच माहीत होतं. ही संस्था 31 मार्च 1867 रोजी मुंबईत स्थापन झाली. डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर हे तिचे पहिले पुढारी. पुढे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर तिच्यात आले. त्याआधी मुंबईत परमहंस सभा नावाची एक गुप्त मंडळी होती. जात मानायची नाही, असं ठरवून ते गुपचूप एकत्र जेवायचे. 1860 च्या सुमारास सभासदांची नावं बाहेर फुटली आणि सभा मोडली. 1864 मध्ये बंगालचे ब्राह्मो पुढारी केशवचंद्र सेन मुंबईत येऊन गेले, आणि या वेळी उघडपणे काहीतरी करावं, असा विचार पुन्हा जोर धरू लागला.

आता यांचं वेगळेपण काय? ईश्वर एकच, मूर्तिपूजा आणि अवतार मानायचे नाहीत, आणि कुठलाही ग्रंथ देवाने दिलाय म्हणून त्यात चूक असूच शकत नाही, असं धरायचं नाही. म्हणजे सिद्धांत होते, पण मोजके. मग उरतं काय? नावातच आहे, प्रार्थना. आठवड्याला उपासना भरायची, मराठीत. संतांचे अभंग, प्रवचन आणि स्वतःच्या शब्दांत केलेली प्रार्थना. मंत्र शुद्ध म्हटला की काम झालं, अशी सोय तिथे नव्हती. तुकोबांचे अभंग त्यांना जवळचे वाटले याचं मला नवल वाटत नाही. आपले दोष देवापुढे इतक्या उघडपणे मांडणारा माणूस आपल्या भाषेत दुसरा शोधावा लागेल.

इथे दोन शब्द वेगळे करून पाहू. बोलताना आपण ते एकत्रच वापरतो. प्रायश्चित्त म्हणजे विधी: शास्त्राने सांगितलेलं, भटजींनी करवून घेतलेलं, दक्षिणा देऊन संपणारं. पश्चात्ताप म्हणजे झालेल्या गोष्टीचा आतून झालेला ताप. पहिला दुसऱ्याशिवाय होऊ शकतो. आमच्या भाषेत सांगायचं तर तिकीट क्लोज झालं, बग तसाच.

याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण पुण्यातलं. ऑक्टोबर 1890 मध्ये गोपाळराव जोशी (डॉ. आनंदीबाई जोशींचे पती) यांच्या खटपटीने शहरातली चाळीसच्या वर मंडळी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला जमली. रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी चहा घेतला, कुणी कपाला नुसता हात लावला. गोपाळरावांनी सगळ्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि गावात गदारोळ झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं ठरली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतलं.

गंमत बघा. चहा पिणं हे पाप आहे असं रानड्यांना वाटतच नव्हतं. म्हणजे पश्चात्ताप शून्य, प्रायश्चित्त पूर्ण! प्रार्थना समाजाचा एवढा मोठा माणूस असं करतो, म्हणून सुधारक मंडळी नाराज झाली. रमाबाई रानड्यांनाही ते रुचलं नव्हतं. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. रानड्यांचं कारण असं होतं, की बहिष्काराचा त्रास त्यांच्यापेक्षा त्यांच्या मित्रांच्या घरांना जास्त होत होता आणि मित्रांनीच गळ घातली होती. ही माघार होती की मित्रांसाठी केलेला त्याग? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला, माझं मत अजून पक्कं होत नाही. पण एक कळलं. विधी केला म्हणून आत काही बदललं, असं समजायचं कारण नाही. माझ्या नारळाचंही तेच.

तिसरी गोष्ट सत्कर्म. या मंडळींची कामं बघितली की त्यांची प्रार्थना कुठे पोचत होती ते कळतं. पंढरपूरला 1875 मध्ये सुरू झालेला बालकाश्रम, जिथे टाकून दिलेली मुलं वाढली. मुंबईत कामकऱ्यांसाठी रात्रीच्या शाळा. ऑक्सफर्डला धर्माचा अभ्यास करून 1903 मध्ये परतलेले विठ्ठल रामजी शिंदे समाजाचे प्रचारक झाले आणि 18 ऑक्टोबर 1906 रोजी त्यांनी मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी परळला शाळा काढली.

आता तुम्ही म्हणाल, मग सिद्धांत नकोतच का? मला तसं वाटत नाही. सगळी माणसं एकाच ईश्वराची लेकरं आहेत, हाही एक सिद्धांतच आहे, आणि तो मनापासून मानला म्हणून तर शिंदे परळला पोचले. शिवाय समाजाची उणीवही लपवू नये. जात मोडलीच पाहिजे, अशी सक्ती त्यांनी सभासदांवर केली नाही. उपासनेत सगळे समान आणि घरी परतल्यावर जुनेच रिवाज, असं बऱ्याच जणांचं चाललं. शिकलेल्या, उच्चवर्णीय मंडळींपलीकडे समाज फारसा पसरला नाही. म्हणजे मोजके आणि चांगले सिद्धांत असूनही माणूस गप्प बसू शकतो. ते मला मीटिंगमध्ये बसूनच कळलं होतं.

तर, तो फोन. आईने विचारल्यावरसुद्धा अकरा दिवस लावले मी. तोवर त्या मुलाने राजीनामा दिला होता. मी सगळं सांगितलं. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, मला माहीत होतं. तुम्ही तेव्हा बोलला नाहीत, एवढंच." त्यानंतर मी मॅनेजरला मेल लिहिला, स्क्रिप्ट कोणाची होती ते स्पष्ट सांगितलं. त्याचं रेटिंग काही बदललं नाही, वर्ष बंद झालं होतं. माझं पुढच्या वर्षी घसरलं, आणि ते बरोबरच होतं. त्याचा पुन्हा फोन आलेला नाही.

मी अजूनही देवळात जातो. फक्त हात जोडण्याआधी स्वतःला विचारतो, की आज जे सांगायला आलोय ते खरं तर कुणाला सांगायला हवं? कधी उत्तर देव असतं. बरेचदा एखादं नाव असतं, आणि त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये असतो.

तुमच्याकडेही असा एखादा राहिलेला फोन असेल तर हा भाग संपला की करून टाका, मला नाही कळवलंत तरी चालेल. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.