मामाचा लेथ, आमचा कोड

जी-कोड आम्हाला तोंडपाठ होता. जी झीरो झीरो म्हणजे टूलनं कट न घेता पळायचं, जी झीरो वन म्हणजे ठरलेल्या वेगानं कट घेत जायचं. सबमिशनच्या वहीत प्रोग्रॅम लिहिले, व्हायवात मार्कही पडले. पण आपण लिहिलेला प्रोग्रॅम खऱ्या मशीनवर चालताना काही बघितला नव्हता. सीएनसी एक आणि बॅचमध्ये वीस पोरं. मागं उभं राहिलं की दिसायची ती फक्त पुढच्यांची डोकी.

मग मला मामाचा लेथ आठवला. मामा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत तीस वर्षं टर्नर होता. आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टेबलावर बसणाऱ्या छोट्या लेथवर पंपाचे बुश, पिना अशी किरकोळ कामं करतो. १८० मिमी व्यासाचा आणि ३०० मिमी लांबीचा जॉब बसेल एवढंच मशीन. मी आणि माझा रूममेट दिवाळीच्या सुट्टीत त्याच्यापुढे जाऊन उभे राहिलो. ‘‘मामा, याला कॉम्प्युटर लावूया?’’

मामानं चहा संपवला. ‘‘लावा. पण सुट्टी संपली की मला चाळीस बुश द्यायचेत. मशीन चाललं नाही तर हँडल तुम्ही फिरवायचं.’’

हँडलच्या जागी मोटर

आयडिया वाटते तितकी अवघड नाही. लेथवर टूल दोनच दिशांना सरकतं. चकच्या दिशेनं पुढेमागे, तो झेड अ‍ॅक्सिस आणि जॉबच्या आतबाहेर, तो एक्स. माणूस हँडलनं स्क्रू फिरवतो, तिथे स्टेपर मोटर बसवायची. ही मोटर एका फेरीत २०० पावलं टाकते. ड्रायव्हर त्या प्रत्येक पावलाचे आणखी ८ भाग करतो. म्हणजे एका फेरीला १६०० पल्स. आमच्या क्रॉस स्लाइडच्या स्क्रूचा पिच १ मिमी होता, म्हणजे १६०० पल्सला टूल १ मिमी सरकणार.

मेंदू म्हणून घरातला जुना डेस्कटॉप घेतला, कारण त्याला पॅरलल पोर्ट होता. सॉफ्टवेअर लिनक्स-सीएनसी, पूर्ण फुकट. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेच्या कंट्रोलर प्रोजेक्टमधून ते पुढे वाढलं. १९५२ साली एमआयटीमध्ये पहिल्यांदा आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं, तेव्हा सूचना भोकं पाडलेल्या टेपवरून जायच्या. आज तेच काम अडगळीतला पीसी करतो, याचं आम्हाला फार भारी वाटत होतं.

पहिली चूक लगेच झाली. टूल १ मिमी आत गेलं की जॉबचा व्यास २ मिमीनं कमी होतो, कारण दोन्ही बाजूंनी धातू निघतो. आम्ही आकडे व्यासाचे दिले आणि सेटिंग त्रिज्येचं ठेवलं. पहिला रॉड बारीक होत होत भंगारात गेला. मामा काही बोलला नाही. फक्त दुसरा रॉड काढून दिला.

३२० पल्स गेले कुठं?

सेटिंग सुधारून पायऱ्यांचा एक पीस काढायला घेतला. आधी १८ मिमी, मग टूल बाहेर येऊन २२ मिमी. व्हर्निअर लावला. अठरा बरोबर अठरा, पण बावीसच्या जागी २१.६. परत चालवला, तेच. वायरिंग तपासलं, ड्रायव्हर बदलला, कोडची ओळ न् ओळ वाचली. दोन रात्री गेल्या. सुट्टीचे चार दिवस उरले होते आणि एकही बुश तयार नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामानं मोटर सोडवून हँडल परत लावलं. क्रॉस स्लाइडला डायल गेज टेकवला आणि हँडल उलटं फिरवलं. हँडल फिरलं, काटा मात्र हलेना. ०.२ मिमीएवढं फिरल्यावर कुठं स्लाइड निघाली.

‘‘प्ले आहे स्क्रूत. जुनं मशीन आहे, असणारच. आम्ही टूल आधी जास्त मागं न्यायचो, मग पुढं आणत मापावर यायचो. मापावर नेहमी एकाच बाजूनं यायचं. तुमच्या कॉम्प्युटरला हे सांगितलं का?’’

नव्हतं सांगितलं. सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं. कॉम्प्युटर इमानदारीत पल्स पाठवत होता, त्यातले ३२० नुसती फट भरण्यात जात होते. बाजूला ०.२ म्हणजे व्यासात ०.४. एक पल्स म्हणजे एका मायक्रॉनपेक्षाही कमी, म्हणून आम्ही रुबाब करत होतो. पण मशीन किती बारीक पाऊल टाकतं आणि ते किती अचूक आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग गिब आवळल्या, उरलेला प्ले मोजून सॉफ्टवेअरमध्ये भरला आणि मामाच्या पद्धतीनं कोड बदलला, टूल नेहमी एकाच बाजूनं मापावर येईल असा. पुढचा पीस मापात आला. पुढे एक्सला ४ मिमी पिचचा बॉल स्क्रू लावायचा आहे. तेव्हा १६०० चं सेटिंग ४०० करायला विसरलो, तर टूल चौपट धावेल!

चाळीस बुश

शेवटच्या दोन दिवसांत चाळीस बुश निघाले. मामा स्टुलावर बसून होता, आम्ही स्क्रीनकडे बघत होतो. सव्विसाव्या पीसला तो एकदम म्हणाला, ‘‘थांबवा. टूल बसलंय.’’ स्क्रीनवर सगळं ठीक होतं. टूल काढून बघितलं, तर टोक खरंच गेलं होतं. त्याला ते आवाजावरून कळलं होतं.

आता मामा स्वतः प्रोग्रॅम सुरू करतो. हँडल मात्र त्यानं काढू दिलेली नाहीत.

तुम्हालाही करायचंय?

* आधी महिनाभर लेथ हातानं चालवा. डायल गेजनं दोन्ही अ‍ॅक्सिसचा प्ले मोजून लिहून ठेवा.
* इमर्जन्सी स्विच पहिल्या दिवशी बसवा. तो दाबला की चक आणि दोन्ही मोटर थांबल्या पाहिजेत.
* इलेक्ट्रॉनिक्स बंद डब्यात ठेवा. धातूचा कीस आत गेला की शॉर्ट ठरलेला. मेन्सचं वायरिंग आणि अर्थिंग जाणकाराकडूनच करून घ्या.
* चकची चावी चकमध्ये विसरू नका. गॉगल हवाच, पण हातमोजे आणि सैल बाह्या नकोत.
* नवा प्रोग्रॅम आधी जॉब न लावता, हवेत चालवून बघा.
* आटे पाडायचे असतील, तर स्पिंडलला एन्कोडर लागेल. चकच्या फेऱ्या आणि टूलची चाल जुळली नाही, तर आटे बिघडतात. आमचं पुढच्या सुट्टीतलं काम तेच आहे.