विसरणारा जादूगार आला कुठून?

१९७४ साली आलेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात जादूगार आधी मंत्र पाठ करायचा आणि एकदा वापरला की विसरायचा. नियम विचित्र वाटतो, पण त्याचे मूळ जॅक व्हान्सच्या 'द डाइंग अर्थ' (१९५०) या पुस्तकात आहे. तिथे सूर्य विझत आलाय, बहुतेक विद्या हरवलीय आणि थोर जादूगाराच्याही डोक्यात मोजकेच मंत्र मावतात. म्हणजे खेळातली मर्यादा ही मुळात एका मावळत्या जगाची व्यथा. खेळाचे सहनिर्माते गॅरी गायगॅक्स यांनी हे ऋण लपवले नाही; १९७९च्या मार्गदर्शक पुस्तकात त्यांनी प्रेरणा देणाऱ्या लेखकांची यादीच छापली. खेळातल्या 'व्हेक्ना' या पात्राचे नावही व्हान्सच्या नावातल्या इंग्रजी अक्षरांची फिरवाफिरव करून बनलेले आहे.

खेळातले सारे कादंबरीकार टोल्कीनचेच देणे, असे काहींना वाटते. हॉबिट ही ठेंगणी जमात त्याचीच, पण जखमा आपोआप भरून येणारा राक्षसी ट्रोल पोल अँडरसनच्या कादंबरीतला. या जुन्या पुस्तकांत स्त्रीपात्रे बहुधा दुय्यम आहेत, हा आक्षेप मात्र रास्त आहे. तरीही नियमांमागची कल्पना समजून घ्यायची, तर ती वाचावीच लागतात. सुरुवात व्हान्सपासून करा.