नजरेने विचारलेला प्रश्न

पुण्यातील एका उपचारकेंद्राच्या लहानशा खोलीत, सेरेब्रल पाल्सीमुळे हातांवर आणि जिभेवर ताबा नसलेली सात वर्षांची एक मुलगी पट्ट्यांच्या आधाराने खुर्चीत बसली होती, आणि तिच्यासमोर पारदर्शक प्लॅस्टिकचा फलक उभा धरून वाचा-उपचारतज्ज्ञ बाई बसल्या होत्या. फलकाच्या कडांना चित्रे, मधोमध मोकळी जागा. मुलीची नजर ज्या चित्रावर स्थिरावेल तो तिचा शब्द, असा तेथील व्यवहाराचा नियम.

बाईंनी पाण्याच्या घमेल्यावर संत्रे धरून विचारले, ‘‘बुडेल की तरंगेल?’’ आणि त्या गप्प राहिल्या. हे गप्प राहणेच या कामातील सर्वांत अवघड कसब होय. कारण मुलीची मान हेलकावत होती, नजर फलकाबाहेर जाऊन परत येत होती, आणि शेजारी बसलेल्या आईच्या ओठांवर उत्तर केव्हाचे येऊन थांबले होते. अखेर नजर ‘तरंगेल’वर ठरली. संत्रे तरंगले. मग ते सोलून पुन्हा पाण्यावर धरले, तेव्हाही मुलीने ‘तरंगेल’च सांगितले, पण या खेपेस ते तळाशी गेले. मुलीने घमेल्याकडे पाहिले, बाईंकडे पाहिले, आणि मग कोणी काही विचारले नसताना तिची नजर फलकाच्या वरच्या कोपऱ्यातील ‘का?’वर जाऊन थांबली. ‘‘अगं, सालीत...’’ असे आई म्हणू लागताच बाईंनी तिला खुणेने थांबवले, आणि नुसती साल पाण्यावर सोडली. ती तरंगू लागली. मुलगी कितीतरी वेळ त्या सालीकडेच पाहत होती.

या मुलीच्या आधीच्या फलकावर ‘पाणी’, ‘भूक’, ‘शू’ आणि ‘झोप’ एवढेच शब्द होते, असे बाई म्हणाल्या. मूल सांभाळणाऱ्यांच्या सोयीपुरती ही तजवीज ठीक. परंतु कारण विचारायला, नाकारायला, कालचे आठवायला आणि उद्याचे योजायला ज्याच्यापाशी साधनच नाही, त्याची विचारशक्ती वाढावी तरी कशी? विचार प्रथम माणसामाणसांत घडतो आणि मग मनात रुजतो, असे प्रतिपादन रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांनी केले होते, आणि त्यांचा ‘विचार आणि भाषा’ हा ग्रंथ १९३४ सालीच प्रसिद्ध झाला होता. तरीही तोंडी उत्तरे मागणारी किंवा ठोकळे जुळवायला लावणारी चाचणी अशा मुलांपुढे ठेवावयाची, आणि हात व जीभ चालत नाहीत म्हणून बुद्धीच नाही असा शेरा दप्तरी नोंदवावयाचा, हा प्रघात अजून पुरता सुटलेला नाही; आणि तो मला अत्यंत अन्यायाचा वाटतो.

पालकांची धास्ती निराळी: चित्रांची सवय लागली तर असलेले बोलणेही मागे पडेल. मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात ज्या २७ जणांविषयीचा पुरावा भक्कम ठरला, त्यांपैकी एकाचेही बोलणे अशा साधनांमुळे घटलेले नव्हते, आणि बहुतेकांचे थोडेफार वाढलेच होते. मात्र फलक नुसता टांगून काही होत नाही. मुलाशी बोलताना मोठ्यांनीही त्यावरील चित्रांकडे बोट दाखवत बोलावे लागते, कारण ती भाषाही मूल इतरांना वापरताना पाहूनच शिकते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येत अशा पर्यायी मार्गांचा स्पष्ट समावेश केला आहे, आणि शिक्षणात त्यांचा प्रसार करण्याची जबाबदारी शासनावर व स्थानिक संस्थांवर टाकली आहे. तेव्हा ज्यांच्या घरी न बोलणारे मूल आहे त्यांनी शाळेत हा हक्क म्हणून मागावा; आणि तोवर घरच्या घरी पुठ्ठ्यावर चित्रे चिकटवून आरंभ करावा, मात्र ‘पाणी’ आणि ‘भूक’ यांच्या शेजारी ‘नको’ आणि ‘का’ यांना पहिल्या दिवसापासून जागा द्यावी.