हलकी गाडी आणि ओला रस्ता

पावसाळा लागला की चारोटी नाक्यावर छोट्या गाडीवाल्याला एक सल्ला हमखास मिळतो: गाडी हलकी आहे, घसरेल, डिकीत काहीतरी वजन टाक. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला चुकीचा आहे. डहाणू-तलासरीत बर्फ पडत नाही. इथली निसरड म्हणजे जून ते सप्टेंबरचा पाऊस. ऑल्टो, वॅगन आर, क्विडसारख्या गाड्यांबद्दल आपल्याकडे जे समज आहेत, त्यांनी लोक नको तिथे घाबरतात आणि घाबरायला हवं तिथे बिनधास्त पुढे जातात. म्हणून हा लेख.

आधी वजनाचं बघू. जड गाडी रस्त्याला जास्त दाबून धरते हे खरं. पण तिला थांबवायला जोरही त्याच प्रमाणात जास्त लागतो. दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडतात आणि थांबायला लागणारं अंतर ठरतं ते वेगावर आणि टायर-रस्त्याच्या पकडीवर. ताशी ८० किमी वेगाने चाललेली गाडी कोरड्या डांबरावर करकचून ब्रेक मारल्यापासून साधारण ३६ मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर तेच अंतर ६० मीटरच्या पुढे जातं. शिवाय समोरचं संकट दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी आणखी तीसेक मीटर पुढे गेलेली असते. हा हिशेब ऑल्टोला लागू आहे तसाच फॉर्च्युनरलाही. मोठ्या गाडीत बसल्यावर पकड वाढल्यासारखी वाटते ती उंचीमुळे आणि आवाज कमी येतो म्हणून.

डिकीतल्या वजनाची कल्पना बर्फाच्या देशांतली आहे. तिकडच्या जुन्या गाड्यांत इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे जायची, ती चाकं बर्फात नुसती फिरत राहायची, म्हणून लोक मागे वाळूची पोती टाकत. आपल्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. त्यांच्या मागे वजन टाकलं की नाक हलकं होतं, म्हणजे ज्या चाकांनी गाडी ओढायची, वळवायची आणि बहुतांश थांबवायची, त्यांचीच पकड कमी होते. ईको मागच्या चाकांवर चालते. चिखलातून निघताना तिला मागच्या वजनाचा उपयोग होईल, ब्रेक मारताना नाही.

खरा मुद्दा टायरचा. पावसात हवा थोडी कमी ठेवली की टायर पसरतो आणि चांगला चिकटतो, असं पंक्चरच्या दुकानापासून घरच्या वडीलधाऱ्यांपर्यंत सगळे सांगतात. नासाच्या अभियंत्यांनी १९६०च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून याच्या नेमकं उलट दाखवलं. साचलेल्या पाण्यावर चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगायला कोणत्या वेगाला लागतं, ते प्रामुख्याने टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतं. टायर गोटा असेल किंवा पाणी नक्षीच्या खोलीपेक्षा जास्त असेल, तर ३३ पीएसआय हवेला हा वेग त्यांच्या सूत्रानुसार ताशी साधारण ९६ किमी येतो. हवा २४ वर आणली की ८२. म्हणजे हवा काढून आपण संकटच ताशी चौदा किलोमीटर जवळ आणतो. दाराच्या चौकटीवर कंपनीने जो आकडा छापलेला असतो, तोच बाराही महिने ठेवायचा आणि टायर थंड असताना तपासायचा.

रुंद टायरांचंही तसंच. ऑल्टोचा टायर १४५ मिलिमीटर रुंद असतो. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी आणि वेग ताशी ८० धरला, तर या एका चाकाला दर सेकंदाला जवळजवळ दहा लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. दिसायला चांगला म्हणून २०५चा टायर चढवला की तेच काम चौदा लिटरवर जातं. अरुंद टायर पाणी कापत जातो. पावसात छोट्या गाडीची ती जमेची बाजू आहे. अट एवढीच की पाणी बाहेर जायला खाचा शिल्लक हव्यात. कायद्याने किमान १.६ मिलिमीटर खोली लागते. खाचेत रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. माझं मत विचाराल तर त्या आधीच, मे महिन्यात, बदलावा.

हलकेपणामुळे घसरण्याचा धोका वाढतो तो एका वेगळ्याच वाहनाला, आणि ते म्हणजे रिकामा ट्रक. त्याचे टायर कित्येक टन भार पेलायला बनवलेले असतात. भार नसला की ते रस्त्याला नीट बसत नाहीत आणि पाण्यावर लवकर सुटतात. ऑल्टोचा टायर मात्र ऑल्टोच्याच वजनासाठी बनवलेला असतो. तेव्हा भिलाड-वापीकडून धडधडत येणाऱ्या रिकाम्या कंटेनरच्या शेजारून पावसात जास्त वेळ चालू नका. त्याच्या वाऱ्याने छोटी गाडी हलते ती गोष्ट वेगळी आणि खरीच आहे. अशा वेळी दोन्ही हात स्टेअरिंगवर हवेत.

जोरदार पावसापेक्षा पहिला पाऊस जास्त निसरडा असतो, कारण आठ महिन्यांचं सांडलेलं तेल, रबर आणि धूळ पाण्यात मिसळून वर येतं. ते धुऊन जातं न जातं तोच आवणी सुरू होते, आणि शेतातून निघालेले ट्रॅक्टर कासा-उधव्याकडच्या रस्त्यांवर चिखलाचे पट्टे सोडून जातात. महामार्गावर काँक्रीटचा थर पडला म्हणून निश्चिंत होऊ नये. काँक्रीटही ओलं झाल्यावर घसरतं. पावसात चारही इंडिकेटर लावून गाडी चालवू नये. त्याने तुम्ही वळताय की थांबलाय हे मागच्याला कळत नाही. दिवे डिपरवर पुरेत.

एबीएस आहे म्हणून गाडी लवकर थांबेलच, असंही नाही. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. पाय दाबूनच ठेवायचा. पायाखाली थरथर जाणवली तरी सोडायचा नाही. आणि मागच्या सीटला पट्ट्याची गरज नाही असं मानणाऱ्यांनी चारोटीचाच सूर्या नदीवरचा पूल आठवावा. ४ सप्टेंबर २०२२ ला तिथे झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबतचे जहांगीर पंडोल गेले. गाडी मोठी आणि महागडी होती. दोघे मागे बसले होते, आणि त्यांनी पट्टे लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं.

डिसेंबरात इथून मनालीला जाणाऱ्यांनी वरचा हिशेब जरा ताणून बघावा. बर्फाच्या काचेवर ताशी ३० किमी वेगाला थांबायला लागतं तेवढंच अंतर ओल्या रस्त्यावर ६०ला लागतं. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी चढायला मदत करते, थांबवायला नाही. साखळ्या बांधायच्या त्या इंजिनाच्या चाकांना, म्हणजे आपल्या छोट्या गाडीत पुढच्या.

आता जिथे हलकेपणा खरोखर जीव घेतो ती जागा: पाणी भरलेला फरशी पूल. गाडी लोखंडाची आहे, ती कशी तरंगेल, असं वाटतं. ऑल्टो सुमारे साडेतीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद. तळाच्या वर पाणी चढलं की दर दहा सेंटिमीटरला ते पाचशे किलोंच्या आसपास वजन उचलतं. तळ जमिनीपासून सोळा सेंटिमीटरवर आणि गाडीचं वजन साडेसातशे-आठशे किलो. म्हणजे फूटभर पाण्यात चाकांवर भारच उरत नाही, आणि वाहत्या पाण्याला एवढंच हवं असतं. चार माणसं बसवली तरी फरक पडतो तो पाच-सहा सेंटिमीटरचा. दोन फुटांत मोठ्या गाड्याही जातात. समोरची जीप गेली म्हणून आपण जायचं नाही. पाणी गढूळ असताना खालची फरशी वाहून गेलीय का ते दिसत नाही, आणि वर जव्हारकडे पाऊस झाला की इथे ऊन असतानाही ओढा चढतो. महामार्गावर अडकलात तर १०३३, एरवी ११२.

गाडी पाण्यात गेलीच, तर दार उघडायची खटपट करू नका. बाहेरच्या दाबाने ते उघडत नाही. पट्टा सोडा, वायरिंगमध्ये पाणी शिरायच्या आत लगेच काच खाली करा, मुलांना आधी बाहेर काढा. सीटच्या डोक्याकडची उशी काढून तिच्या दांड्यांनी काच फोडता यावी म्हणूनच ती निघते, असा निरोप मोबाइलवर फिरत असतो. ती त्यासाठी बनवलेली नाही आणि घाबरलेल्या हाताला ते जमेलच असं नाही. टोकदार छोटी हातोडी बाजारात मिळते, ती हाताशी ठेवा, डिकीत नको. समोरच्या काचेत प्लास्टिकचा थर असतो, ती फुटून मोकळी होत नाही. घाव बाजूच्या काचेवर घालायचा, मधोमध नाही, कोपऱ्यात.