मिरीच्या मुलखात द्राक्षाची वेल

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात सुपारीची बाग असलेल्या घरात मिरीची वेल कशी लावायची हे कुणी वेगळं शिकवत नाही. जमिनीवर पसरलेला फुटवा तोडायचा, दोन-तीन पेरांचे तुकडे मातीत रोवून सावलीला ठेवायचे आणि पावसाच्या तोंडावर सुपारीच्या बुंध्याशी लावायचे. पुढचं पाऊस बघतो. सोळाव्या शतकात गेरसोप्प्याच्या राणी चेन्नभैरादेवीला पोर्तुगीज ‘मिरीची राणी’ म्हणत, इतकी ही विद्या या जिल्ह्यात मुरलेली आहे. घोटाळा होतो तो हीच विद्या परसातल्या द्राक्षाला लावली की.

वेल ती वेल, असं समजून द्राक्षाची काडी सुपारीच्या सावलीत लावली जाते. पण मिरी पेरापेरांतून मुळं फोडून खोडाला चिकटते, द्राक्षाला असतात ते ताणे. त्याला मांडव लागतो. मिरीला सावली मानवते, द्राक्षाला दिवसभराचं ऊन हवं. मिरीला फुलोऱ्यात पाऊस लाभतो, द्राक्षाची फुलोऱ्यात पावसाने फूलगळ होते. खरं तर द्राक्षाचे सगेसोयरे जोयड्याच्या रानात वेगळेच आहेत: कांडवेल आणि आंबटवेल त्याच्याच कुळातल्या.

मग इतक्या पावसाच्या गावात द्राक्ष येणारच नाही, हा दुसऱ्या टोकाचा समज. द्राक्षाच्या विजापुरात वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस होतो. जोयड्यातल्या कॅसलरॉकला एकट्या जुलैतच त्याहून खूप जास्त पडतो. विक्रीसाठी एकरभर बाग करायचा विचार इथे कुणी करू नये. दारच्या एका वेलीचं गणित मात्र निराळं आहे आणि ते कात्रीवर अवलंबून आहे.

कात्री लावली की वेल दुखावते, म्हणून माया करणारी माणसं ती वाढू देतात. मांडव हिरवागार होतो आणि घड एकही नाही. थंड देशांत हिवाळ्यात पानं झडतात, वेल झोपते आणि वसंतात नव्या फुटीवर घड घेऊन उठते. आपल्याकडे ती झोपतच नाही. तिच्या हिवाळ्याचं काम छाटणी करते, म्हणून सांगली-नाशिककडे वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी: जुन्या काड्या एका डोळ्यावर आणायच्या. त्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत नव्या काडीच्या डोळ्याआत पुढचा घड सूक्ष्म रूपात तयार होतो आणि त्यासाठी काडीवर ऊन पडावं लागतं. जोयड्यात ते ऊन एप्रिल-मेमध्ये भरपूर मिळतं. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की गोडी छाटणी. पाच-सात डोळे राखून काडी कापली की फुटीबरोबर घड बाहेर येतो आणि साधारण चार महिन्यांत, म्हणजे वळवाच्या आधी, पिकतो.

दोन छाटण्यांमधले पावसाचे चार महिने वेल जगवणं हीच इथली खरी कसोटी. सतत ओल्या राहिलेल्या पानांवर केवडा आणि करपा येतो. त्यावरचं औषध सुपारीवाल्यांच्या घरातच असतं. कोळेरोगासाठी फवारतात तेच बोर्डो मिश्रण. ते सुपारीसाठी निघालं अशी समजूत असते, पण त्याचा जन्म द्राक्षाच्या मळ्यात झाला. फ्रान्सच्या बोर्डो भागात वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. तेवढ्याच वेली केवड्यातून वाचल्याचं १८८२ साली मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेस पडलं आणि १८८५ मध्ये त्यांनी कृती प्रसिद्ध केली. कोवळ्या फुटीवर मात्र हे मिश्रण सुपारीपेक्षा सौम्य, निम्म्या जोराचं मारावं; घड पिकू लागल्यावर मारूच नये.

जातही विचारून निवडावी. बाजारातली बिनबियांची द्राक्षं इंजेक्शन देऊन करतात, असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. थॉमसन सीडलेसमध्ये बी धरू लागतं आणि कोवळेपणीच वाढायचं थांबतं. जिबरेलिक आम्लाने फक्त मणी फुगतो. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी त्याच थॉमसनमधून ‘तास-ए-गणेश’ निवडली आणि काडीकाडीने ती महाराष्ट्रभर पसरली. पण ही वाणं कोरड्या हवेची. जोयड्याच्या परसात २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ‘बेंगळुरू ब्लू’ बरी. तिच्यात अमेरिकी द्राक्षाचं रक्त आहे, म्हणून ती करप्याला सहज बळी पडत नाही. मण्यात बिया असतात, साल जाड आणि वास उग्र, तरी घरच्या रसाला फार चांगली.

त्या बिया पेरून मात्र तीच वेल मिळत नाही. प्रत्येक रोप वेगळं निघतं. ऑक्टोबरच्या छाटणीत निघालेली पेन्सिलीएवढी जाड, तपकिरी, तीन-चार डोळ्यांची काडी घ्यावी. मिरीसारखा हिरवा फुटवा इथे चालत नाही. डोळे वरच्या दिशेला ठेवून दोन डोळे मातीत जातील अशी ती रोवावी आणि माती ओलसर ठेवावी, चिखल होऊ देऊ नये.

शेवटची चूक तोडणीच्या वेळी होते. रंग चढला की घड उतरवून पेंढ्यात पिकवायला ठेवतात. आंबा, केळं असं पिकतं. द्राक्ष तोडल्यावर एका कणानेही गोड होत नाही. ‘बेंगळुरू ब्लू’ तर गोडी भरण्याच्या बरीच आधी काळी दिसू लागते. घडाच्या अगदी टोकाचा मणी सगळ्यांत शेवटी पिकतो, तो चाखून पाहावा आणि गोड लागला तरच घड तोडावा.