जुलाब : रोग की राखणदार?

विजेच्या प्रकरणात तुम्ही फ्यूजची माहिती वाचली असेल. प्रमाणाबाहेर प्रवाह वाहू लागला की फ्यूजची तार वितळते, परिपथ खंडित होतो आणि घरात अंधार पडतो. अंधार गैरसोयीचा खरा, पण फ्यूजने घर वाचवलेले असते. बिघाड असतो दुसरीकडेच. अशा वेळी एखाद्याने फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार बसवली, तर दिवे लागतील. पण भिंतीतल्या तारा पेटण्याचा धोका राहील.

आपल्या शरीरातही असे फ्यूज आहेत. पोट बिघडल्यावर होणारी ओकारी आणि जुलाब हे त्यांपैकी दोन.

नासलेले अन्न पोटात गेले की जठर ते आल्या वाटेने परत पाठवते. ही झाली ओकारी. घातक जीवाणू पुढे आतड्यात पोहोचलेच, तर आतड्याच्या अस्तरातून पाणी पाझरते, आतड्याची हालचाल वाढते आणि जीवाणू व त्यांची विषे धुऊन बाहेर टाकली जातात. ही योजना कोणी आखली? कोणीही नाही. ज्या प्राण्यांची पोटे विष लवकर बाहेर टाकत, ते अधिक संख्येने जगले, त्यांना पिल्ले झाली आणि तो गुण पुढच्या पिढ्यांत उतरला. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच. आजारांचा असा विचार करणाऱ्या शाखेला उत्क्रांतीय वैद्यक म्हणतात. रँडॉल्फ नेसी आणि जॉर्ज विल्यम्स या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या १९९१ सालच्या लेखाने तिला मोठी चालना मिळाली.

याला पुरावा काय, असे तुम्ही विचाराल. विचारायलाच हवे! ड्यूपाँट आणि हॉर्निक या अमेरिकन डॉक्टरांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. शिगेला नावाच्या जीवाणूमुळे रक्ती आव होते. या जीवाणूची लागण झालेल्या स्वयंसेवकांपैकी काहींना त्यांनी आतड्याची हालचाल मंदावणारे औषध दिले. ते घेणाऱ्यांचा ताप इतरांपेक्षा अधिक काळ टिकला. फ्यूजच्या जागी जाड तार बसवली गेली होती.

मग जुलाब होऊ द्यावेत आणि स्वस्थ बसावे काय? मुळीच नाही. पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, उदाहरण पाहा. १९५९ साली कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी पटकीचे जीवाणू वाढवलेला द्रव गाळून जीवाणूरहित केला आणि सशाच्या आतड्यात सोडला. तरीही आतडे पाण्याने फुगले! म्हणजे पाणी काढणारे होते ते जीवाणूने तयार केलेले विष. या जुलाबात फायदा जीवाणूचाही आहे. पाण्याबरोबर तो बाहेर पडतो, ओढ्याविहिरींत पोहोचतो आणि नवा माणूस गाठतो. आपला फ्यूज येथे शत्रूच्या हाती लागलेला असतो. तीव्र पटकीत तासाला लिटरभर पाणीसुद्धा शरीरातून जाऊ शकते.

येथे मला माझी आजी आठवते. मी सातवीत असताना पावसाळ्यात मला जुलाब सुरू झाले. तहानेने जीव कासावीस झाला, तर आजीने पाण्याचा तांब्याच उचलून नेला. “गळक्या मडक्यात पाणी कशाला ओतायचं?” असे ती म्हणाली. तिची माया खरी होती, पण तर्क चुकला होता. मडके जेवढ्या वेगाने गळते तेवढ्याच वेगाने आपण भरत राहिलो, तर ते रिकामे होईल काय? जुलाबात माणूस दगावतो तो बहुधा पाणी आणि क्षार कमी झाल्यामुळे.

पण नुसते पाणी पुरत नाही. आतड्याच्या पेशींत एक खास वाट असते. तिच्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात आणि त्यांच्यामागून परासरणाने पाणी जाते. पटकीतही ही वाट बंद होत नाही. मीठ आणि साखर एकत्र हवीत ती यासाठी.

याची मोठी कसोटी १९७१ साली लागली. पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, लक्षावधी निर्वासित भारतात आले होते. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे पटकीची साथ पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत तयार करून ठेवले. रुग्णांचे नातेवाईकच ते त्यांना पाजू लागले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले!

या जलसंजीवनीने जुलाब लगेच थांबत नाहीत, हे ध्यानात घ्या. धुऊन काढण्याचे काम चालूच राहते. त्यापायी होणारा तोटा तेवढा भरून निघतो.

दवाखान्यातील पुडी सर्वांत उत्तम. ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा विरघळवा आणि थोडे थोडे पाजत राहा. साखर अंदाजाने वाढवू नका. ती फार झाली तर परासरण उलट दिशेने होते आणि पाणी आतड्यात ओढले जाते. शौचात रक्त दिसले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा मूल मलूल पडले, तर वेळ न दवडता डॉक्टरांकडे जा. जुलाब थांबवणारी गोळी त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका.

आणि घरात कोणी पाण्याचा तांब्या उचलून नेऊ लागले, तर त्यांना हे गळक्या मडक्याचे गणित समजावून सांगा. एखाद्या लहानग्याचा जीव त्यावर अवलंबून असेल.