धांवा रोखणारा हात

अमेरिकेंतील बेसबॉलच्या खेळांत 'रिलीफ पिचर' नांवाचा एक खेळाडू असतो. प्रथम चेंडू फेकणाऱ्याचा हात थकला, म्हणजे हा बदली गडी मैदानांत उतरतो. मिळालेली आघाडी राखणें हें त्याचें मुख्य काम. न्यूयॉर्क यांकीज संघाच्या मारिआनो रिव्हेरा यानें १९९५ ते २०१३ या कारकीर्दींत अशी राखण ६५२ वेळां केली. आपल्या क्रिकेटमध्यें असेंच काम ज्यांनीं केलें, ते बापू नाडकर्णी महाराष्ट्राचेच.

नाडकर्णी यांचा जन्म १९३३ सालीं नाशिक येथें झाला. १९५५ च्या डिसेंबरांत न्यूझीलंडविरुद्ध दिल्लीच्या कसोटींत विनू मंकड खेळत नव्हते, म्हणून त्यांच्या जागीं नाडकर्णी आले. संघनायक होते पॉली उम्रीगर. नाडकर्णींनीं नाबाद ६८ धांवा केल्या आणि ५७ षटकें टाकलीं; बळी मात्र एकही मिळाला नाहीं. मंकड परतले, आणि बदली गड्यास जागा सोडावी लागली.

त्यांची डावखुरी फिरकी फारशी वळत नसे; तिचें बळ अचूकपणांत होतें. सरावाच्या वेळीं खेळपट्टीवर नाणें ठेवून त्यावर ते चेंडू टाकीत, असें सांगतात. चेंडू आखूड पडला तर फलंदाजास मागें सरून मारतां येतो, पुढें पडला तर पुढें येऊन. नाडकर्णींचा चेंडू या दोहोंच्या मध्यें, नेमका यष्टींच्या रोखानें पडे. मग तो अडविण्यावांचून दुसरा सुरक्षित मार्ग उरत नसे.

१९६४ च्या जानेवारींत मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनीं लागोपाठ २१ षटकें निर्धांव टाकलीं; सलग १३१ चेंडूंवर एकही धांव निघाली नाहीं. त्या डावांतील त्यांचा हिशेब असा: ३२ षटकें, २७ निर्धांव, ५ धांवा, बळी शून्य. अर्थात् इंग्लंडचे कांहीं खेळाडू आजारी होते, फलंदाजांनाही धोका पत्करावयाचा नव्हता, आणि सामना अनिर्णित राहिला. धांवा रोखणें म्हणजे सामना जिंकणें नव्हे, हा आक्षेप त्यामुळें अगदींच पोकळ ठरत नाहीं.

त्याचें उत्तर नाडकर्णींच्या पुढील खेळांत आहे. त्याच वर्षीं मद्रासलाच ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनीं ११ बळी घेतले. १९६८ सालीं वेलिंग्टनला न्यूझीलंडचे ६ गडी अवघ्या ४३ धांवांत बाद केले. भारतानें तो सामना जिंकला, आणि पुढें परदेशांतील आपली पहिली कसोटी-मालिकाही. कोंडलेला फलंदाज केव्हां तरी अधीर होतो, आणि ती अधीरता कधीं याच गोलंदाजास, तर कधीं दुसऱ्या टोंकाच्या सोबत्यास बळी मिळवून देते. सोबत्याच्या बळींत याचा वाटा किती, हें धांवफलक सांगत नाहीं.

४१ कसोटींत ८८ बळी, हा आंकडा मोठा वाटणार नाहीं. परंतु दर षटकास सरासरी १.६७ धांवा, हा आंकडा थक्क करणारा आहे. नाडकर्णी २०२० सालीं निवर्तले. क्रिकेटच्या कोष्टकांत बळींच्या शेजारीं निर्धांव षटकांचाही एक रकाना असतो. त्यांची खरी कमाई त्या रकान्यांत वाचावयास मिळते.